श्लेष्माच्या आईचे शब्द

तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं. आम्ही सगळे तिला श्लेष्मा म्हणायचो. रेश्मा असते, करिश्मा असते, तशी ही श्लेष्मा. पहिल्या वर्षी सरांनी भर वर्गात विचारलं, "श्लेष्मा म्हणजे काय?" ही मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, श्लेषाची बायको." वर्ग खिदळला. सर गंभीरपणे म्हणाले, "श्लेष्मा म्हणजे कफ. घशात अडकतो आणि बाहेर काढल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही." त्यावर ही उभी राहिली. "मग ती मीच, सर. माझ्या कोट्यांचं अगदी तसंच होतं." सरांनाही हसू आवरलं नाही, आणि तिचं बारसं झालं ते झालंच.

वॉर्ड सुरू झाल्यावर तर तिला रान मोकळं मिळालं. आमच्या रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आणि कान-नाक-घसा एकाच मजल्यावर, समोरासमोर होते. तिने त्या मजल्याचं नाव ठेवलं 'कानाडोळा विभाग'. म्हणाली, "पेशंटकडे तिथे तेच करतात." थोड्याच दिवसांत वॉर्डबॉयसुद्धा नवख्या माणसांना बिनदिक्कत सांगायला लागले, "जिना चढा, कानाडोळ्यात विचारा." मूत्रपिंडाच्या सरांबद्दल ती म्हणायची की लोकांच्या नावाने खडे फोडायचा पगार घेणारा हा एकच माणूस. दम्याच्या आजोबांना सांगायची, "दमानं घ्या, आजोबा." अंगभर सूज आलेल्या एका गृहस्थांची केस सांगताना तिने सुरुवात केली, "सर, हे अतिशय सूज्ञ गृहस्थ आहेत." सरांनी डोळे वटारले आणि थेट विचारलं, "निदान?" ही म्हणाली, "निदान बसायला तरी द्या, सर. केव्हाची उभी आहे."

एकदा पोटशूळाने वेटोळं होऊन पडलेल्या बाईला ती म्हणाली, "मावशी, कळ आली की कळवा." ती बाई तशा अवस्थेत फस्सकन हसली. "कळतंय तोवर कळवते गं बाई."

नुसती बडबडी होती असं मात्र नाही. कुणाच्या पोटावर हात ठेवण्याआधी तळवे घासून गरम करायची. तिने तपासलेला पेशंट सहसा तक्रार करत नसे. आम्ही बाकीचे पुस्तकं पाठ करून पाठ मोडून घेत होतो (हीही तिचीच कोटी), आणि ती पेशंटशी गप्पा मारता मारता नेमकी खोट हुडकायची. ही मोठी डॉक्टर होणार, यात आम्हाला कुणाला शंका नव्हती.

घरी ती, आई आणि बाबा, तिघंच. बाबा वीज कचेरीत कारकून. आई बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. फलाटांच्या वर काचेची एक खोली होती. तिच्यात एक टेबल, एक पंखा, गाड्यांच्या वेळा लिहिलेला फळा आणि माईक. आई तिथे खुर्चीच्या पाठीला न टेकता बसायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे शब्द तिच्या तोंडून निघाले की पार मुतारीपलीकडच्या पानटपरीपर्यंत एकेक अक्षर सुटं ऐकू यायचं. ती दुकानात पाव मागायला गेली तर दुकानदार मान वर करून बघायचा. "बाई, तुम्हीच का हो त्या, गाड्यांच्या?"

आईला मुलीच्या कोट्या मुळीच आवडत नसत. "शब्द म्हणजे काय खेळणं आहे?" ती म्हणायची. "मी एक शब्द इकडचा तिकडे केला तर माणूस भलत्या गावी जाऊन उतरेल. तुझ्या पेशंटचं काय होईल?" श्लेष्मा आम्हाला हे आईच्या आवाजात करून दाखवायची. हसता हसता तिच्या डोळ्यांत थोडं दुखलेलं दिसायचं. बाबा तिच्या प्रत्येक कोटीला दाद द्यायचे, पण तिला दाद हवी असायची ती आईची.

म्हणून चौथ्या वर्षी जे सुरू झालं, त्याने ती हरखून गेली.

संध्याकाळची वेळ होती. आई शिवणाच्या डब्यात काहीतरी शोधत होती. म्हणाली, "माझी खात्री दिसली का कुणाला?"

बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "कसली खात्री?"

आईने वैतागून दोन बोटं कातरल्यासारखी हलवली. "अहो, ही. खात्री!"

श्लेष्मा जागची उडालीच. "आई! तू कोटी केलीस! बाबा, ऐकलंत का? खात्री हरवली म्हणे. हल्ली खात्री कुणाचीच देता येत नाही गं आई!" बाबा हसून हसून खोकायला लागले. आईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे पाहिलं आणि तीही हसली.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये श्लेष्माने आम्हाला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा होता. मग रोज सकाळी नवा किस्सा यायला लागला. आईने बाबांना विचारलं, "बदली भरली का?" सरकारी नोकरीतला माणूस, बदली म्हटल्यावर बाबांचा घास घशातच अडकला. तिला बादली म्हणायचं होतं. एकदा लवंडताना म्हणाली, "जरा उशीर दे गं, मान अवघडलीय." श्लेष्माने उशी आणून दिली आणि म्हणाली, "उशीर झाल्याबद्दल क्षमस्व." भाजीत चमचा घालायला सांगताना आई चष्मा म्हणाली, तेव्हा तर बाबांनी स्वतःचा चष्मा काढून पातेल्यावर धरला. घरात नुसता हास्यकल्लोळ. श्लेष्मा आम्हाला म्हणाली, "लोकांची इस्टेट वडिलोपार्जित असते. आमच्या आईची लेकोपार्जित आहे."

मग एके दिवशी दुपारी स्थानकप्रमुख घरी आले. आई आतल्या खोलीत पडून होती. ते चपला काढून खुर्चीच्या टोकावर बसले, आणि चहा नको म्हणाले.

"बाईंना जरा विश्रांतीची गरज आहे," ते म्हणाले. "काल माईक सुरू केला आणि बाई बोलल्याच नाहीत. सगळ्या स्थानकाला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाल्या, ती गाडी... ती लाल... जाते ती. एवढंच. लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली. मी वर धावत गेलो, तर बाईंनी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरलेला."

श्लेष्माने आईचं रक्त तपासून घेतलं. रक्त थोडं कमी होतं, थायरॉइड थोडं मंद होतं. तिला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी तिने आम्हाला सगळ्यांना चहा पाजला. "थकवा आहे," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं बोलतेय ती. आवाजालाही पेन्शन लागते." आईला गोळ्या सुरू झाल्या. स्थानकावर तिला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. तिथे बोलायचं काम कमी होतं. पण लोक येऊन विचारायचे, "बाई, छत्री आलीय का?" आणि आई छत्रीसमोर उभी राहून डबा उचलून द्यायची.

त्याच सुमारास आमची तुकडी मेंदूच्या विभागात गेली. तिथले सर मितभाषी होते. एका खाटेवर निवृत्त नकाशाकार बसला होता, शर्टाची सगळी बटणं नीट लावलेली. शेजारी स्टुलावर त्याची बायको. सरांनी खिशातून फणी काढली. "काका, हे काय आहे?"

काकांनी फणी निरखली. "फुंकणी," ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही. फणा. फ... हे हो." आणि त्यांनी फणी हातात घेऊन अगदी व्यवस्थित भांग पाडला.

सरांनी किल्ली पुढे केली. काका आत्मविश्वासाने म्हणाले, "खिल्ली."

आमच्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. मग सवयीने सगळ्यांच्या माना श्लेष्माकडे वळल्या. आता ही काय बोलते, याची आम्ही वाट बघत होतो. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. तिने सरांना विचारलं नाही, काकांनाही नाही. ती त्या बायकोकडे वळली.

"काकू, तुम्ही किती दिवस हसलात?"

सरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. काकूंना मात्र प्रश्न लगेच समजला. "खूप दिवस, बाळा," त्या म्हणाल्या. "वर्षभर तरी हसलो असू. आम्हाला वाटलं, निवृत्त झालेत, आता थट्टेखोर झालेत. नातवंडं तर आजोबांना मुद्दाम विचारायची, हे काय, ते काय. वाढदिवसाला सगळे जमले होते, तेव्हा खुर्चीवर उभं करून..." काका त्यांच्या पाठीवर हात फिरवायला लागले. त्यांना बोललेलं सगळं कळत होतं.

त्या संध्याकाळी श्लेष्माने मला बरोबर यायला सांगितलं. मी तिच्या घरी गेले. बाबा अजून आले नव्हते. आई स्वयंपाकघरात कांदे निवडत होती. श्लेष्मा तिच्यासमोर बसली आणि मनगट पुढे करून म्हणाली, "आई, हे काय आहे?"

आईने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला कशाला विचारतेस? तुला माहीत नाही?"

"सांग ना."

"वेळ सांगतं ते."

"म्हणतात काय त्याला?"

आईने कांदा खाली ठेवला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. घशात शब्द तयार होतोय आणि दाराशी येऊन मागे फिरतोय, असं स्पष्ट दिसत होतं. मी भिंतीकडे बघायला लागले.

"तू मला पेशंट केलंस," आई म्हणाली.

"नाही गं."

"केलंस. पाहुणी पण आणलीस." तिने कांदा पुन्हा उचलला, पुन्हा खाली ठेवला. शेवटी सावकाश, एकेक शब्द वेचत म्हणाली, "तुम्ही हसायचात ना. तुम्ही हसलात की मला... सुटल्यासारखं व्हायचं. वाटायचं, आजपण कुणाला... नाही कळलं."

श्लेष्माने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईचे हात कांद्याचे होते, म्हणून तिने ते वरच धरले होते. मुलीच्या केसांना वास लागू नये म्हणून.

तपासण्या झाल्या. सरांनी फिल्म उजेडात धरली आणि डाव्या कानशिलाच्या आतला, आक्रसत गेलेला भाग दाखवला. आधी वस्तूंची नावं जातात, मग माणसांची, मग वाक्यं, मग समज, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही, काही चढवूनही सांगितलं नाही.

बाबांनी विचारलं, "औषध?"

"नाही."

"शस्त्रक्रिया?"

"नाही."

"निदान आहे तिथे थांबावं, असं काही?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. नंतर श्लेष्माला एकटीला बोलावून म्हणाले, "वर्षभर आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता. हे लक्षात ठेव." तिने ते लक्षात ठेवलं, पण त्याने तिला काही दिलासा मिळाला नाही. मला म्हणाली, "म्हणजे आम्ही हसलो तेही फुकट आणि रडतो तेही फुकट."

तरी तिने हात टेकले नाहीत. कपाटावर, दारावर, नळावर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कोट्यांची सगळी विद्या तिने आता उलटी वापरायला घेतली. आईला कात्री आठवेना की म्हणायची, "आई, रात्री, यात्री, आणि?" आई तोंडाकडे बघत राहायची. कधी 'का' एवढंच यायचं. सुरुवातीला एखादा शब्द सापडला की दोघी टाळी द्यायच्या. पण आज सापडलेला उद्या असेलच असं नव्हतं. एकदा आईने नळावरची चिठ्ठी ओरबाडून काढली, मग दारावरची, मग सगळ्याच. कागदांच्या त्या कपट्यांत बसून ती रडली. त्यानंतर श्लेष्माने पुन्हा चिठ्ठ्या लावल्या नाहीत.

एक वाक्य मात्र बाकीचे शब्द गेल्यावरही मागे राहिलं. आईला तहान लागली, भूक लागली, भीती वाटली की ती म्हणायची, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." तसाच खणखणीत आवाज, एकेक अक्षर सुटं. शेजाऱ्यांना आधी मजा वाटली, मग कानकोंडं व्हायला लागलं. बाबा हातातलं काम टाकून यायचे. "बोल, काय हवंय? पाणी? जायचंय का?" तिला त्यापुढचं सांगता यायचं नाही. काही महिन्यांनी त्याचं 'कृपया लक्ष' झालं, मग नुसतं 'लक्ष', आणि एका हिवाळ्यात तेही थांबलं. नेमकं कधी, ते घरात कुणाला सांगता आलं नाही. रोज ऐकू येणारी गोष्ट आज आली नाही, हे पटकन ध्यानात येत नाही.

निरोपसमारंभात पोरांनी श्लेष्माला आग्रहाने मंचावर ओढलं. कानाडोळ्याचं सांग, खड्यांचं सांग. तिने सांगितलं, पूर्वीसारखंच, कुठेही न अडखळता. सभागृह लोटपोट झालं. खाली उतरून ती माझ्याजवळ आली, पाण्याचा पेला घेतला आणि तो तसाच हातात धरून बसून राहिली. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाली, "बोलताना मोजत होते, किती शब्द मला न शोधता मिळतात ते."

पुढच्या शिक्षणासाठी तिला दूरच्या शहरात जागा मिळाली होती, चांगली. तिने ती सोडली. सरांनी समजावलं, आम्ही समजावलं, बाबांनी तर हात जोडले. "मी आहे ना तिच्याजवळ," ते म्हणाले. पण त्याच आठवड्यात आई उघड्या दारातून बाहेर पडली आणि हमरस्त्याच्या मधोमध उभी सापडली. दोन्ही बाजूंच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. श्लेष्माने मग गावातल्याच नगरपालिकेच्या दवाखान्यात नोकरी धरली. सर्दी, खोकला, टाके, दाखले. बाबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. दाराला आतून कुलूप लागलं. साबण, रॉकेल, औषधं, सगळं वरच्या फळीवर गेलं, कारण आई हाताला लागेल ते तोंडात घालायची.

मी मधल्या वर्षांत फारशी गेले नाही. कामं होती, अंतर होतं. परवा त्या बाजूला गेले तेव्हा वेळ काढला.

बाबांनी कुलूप उघडलं. ते वाळले होते, आणि बोलण्यातही कमी झाले होते. दिवसभर उत्तर न मिळणाऱ्या माणसाचं होतं तसं. श्लेष्मा दवाखान्यातून येऊन आईला भरवत होती. मऊ भात, दूध, लहान घास. आई खिडकीशी खुर्चीत, केसांची सैल, वाकडी वेणी. ती रोज बाबा घालतात. मी समोर जाऊन उभी राहिले, नमस्कार केला. आईची नजर माझ्यावरून एखाद्या भिंतीवरून फिरावी तशी फिरून गेली.

"कशी आहेस?" मी श्लेष्माला विचारलं.

"ठीक." तिने चमच्याने आईच्या हनुवटीवरचं दूध टिपलं. "गिळताना ठसका लागायला लागलाय. म्हणजे पुढचं तुला माहीतच आहे." आम्ही दोघी डॉक्टर. पुढचं माहीत होतं. एखादा घास श्वासनलिकेत जाईल, फुप्फुसं भरतील, ताप चढेल.

तेवढ्यात बाबा जवळ आले. माझ्यासमोर काहीतरी चांगलं दाखवायचं असावं त्यांना. त्यांनी आपली बोटं हलकेच आईच्या तळव्यावरून फिरवली. आईची मूठ मिटली आणि बोटं घट्ट धरली गेली.

"बघा," बाबा म्हणाले, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "बोलत नाही, बघत नाही. पण मला ओळखते. हात दिला की धरते, आणि सोडत नाही. रोज. विचारा हिला."

तळव्याला काहीही लागलं की मूठ आपोआप मिटते. तान्ह्या बाळाची मिटते, आणि मेंदूचा पुढचा भाग गेलेल्या माणसाची मिटते. तिथे काठी ठेवली असती तरी तिने धरली असती. हे आम्ही दोघी एकाच बाकावर बसून शिकलो होतो. मी श्लेष्माकडे पाहिलं. ती वाटीतला भात कालवत होती.

"हो," ती म्हणाली. "बाबांना ओळखते ती."

बाबा तसेच वाकून उभे राहिले, बोटं आईच्या मुठीत देऊन. पाठ दुखत असणार त्यांची. श्लेष्माने पुढचा घास उचलला आणि आईच्या ओठांशी धरला, आणि तोंड उघडण्याची वाट बघत बसली.